तिसऱ्या फळीवरचा कागद

माझ्या स्टोअरमधून एक टाचणी जरी वहीत न लिहिता बाहेर गेली, तरी त्या दिवशी मला डबा गोड लागत नाही. स्वभावच तसा. संस्थेत मला मागून 'मांजर' म्हणायचे, बिळाशी बसून राहते म्हणून. कोणी सुरू केलं तेही मला ठाऊक आहे, पण ते जाऊ दे. कीटक संशोधन संस्थेचं स्टोअर मी सव्वीस वर्षं सांभाळलं. एवढ्या वर्षांत माझा संशय एकदाच चुकला. चुकले मी आणि भोगलं सुईणबुवांनी, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सांगते.

सुईणबुवा हे अर्थातच टोपणनाव. आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर अळ्यांची खोली होती, तिचे ते राखणदार. संस्थेत आले ते माळी म्हणून, एकोणिसाव्या वर्षी. अळ्यांसाठी झाडं वाढवता वाढवता त्यांचा जीव अळ्यांवरच जडला. आधीचा राखणदार गेल्यावर कुणीच त्या उबट, कुबट खोलीत जायला तयार होईना, तेव्हा यांनी हात वर केला. तेव्हापासून बावीस वर्षं त्यांनी एकाच पतंगाचा वंश चालवला. अंडी, अळी, कोष, पतंग, पुन्हा अंडी. बाहेरून एक अंडं आणलं नाही आणि एक पिढी तुटू दिली नाही.

सुईण का, तर अळी कात टाकायच्या वेळी ते स्टूल ओढून समोर बसायचे. अळीची कातडी वाढत नाही, अळी वाढते. मावेनाशी झाली की जुनी कातडी टाकायची. चार वेळा असं झालं की अळी बोटाएवढी जाड होते, मग खाणं सोडून सैरभैर भटकते, भोक शोधून त्यात शिरते आणि कोष होऊन बसते. दर वेळी कात टाकायच्या आधी ती मान वर करून गप्प होते. जुन्या तोंडाचा मुखवटा पुढे घसरतो, आत पाणी दिसतं, मग पाणी आटून हवा भरते. बुवा भिंग न लावता ते बघायचे आणि म्हणायचे, "हिची वेळ दोनची." दोनला दहा कमी नाही तर दोन दहा, त्यापलीकडे कधी गेलं नाही. एखादी शेपटाशी अडकली तर ओल्या कुंचल्याने सोडवायचे. कामाच्या दिवशी केसांना तेल नाही, वासाचा साबण नाही. घरी तर बावीस वर्षांत डासांची अगरबत्तीसुद्धा पेटली नाही. त्यांची बायको, आमच्या वहिनी, शिवणकाम करायच्या; त्या एकदा मला म्हणाल्या होत्या की आमच्या मुलीला डास चावून चावून चट्टे पडले, पण यांच्या लाडक्यांना धूर नको. वहिनी हसत होत्या, पण त्या हसण्यात बरंच काही होतं.

मला त्यांचं हे सगळं कधी पटलं नाही. इतका साधा माणूस असतो का? मी मनाशी म्हणायची, कुठेतरी पाणी मुरतंय, आपल्याला दिसत नाही एवढंच.

आता काय झालं ते सांगते. संस्थेत एक संशोधक मुलगी होती, आम्ही तिला थिसिसवाली म्हणायचो. तिचा विषय कात टाकण्याचा. एकदा माझ्या खिडकीशी चहा पिता पिता तिने मला तो समजावला होता. अळीच्या अंगात दोन रस असतात, पुस्तकात त्यांना संप्रेरकं म्हणतात. एक रस हुकूम देतो, कात टाक. दुसरा म्हणतो, अजून लहानच राहा. दुसरा अंगात आहे तोवर कात टाकून अळीची अळीच होते. तो आटला की मगच कोष. मी म्हटलं, म्हणजे एक बाप आणि एक आजी. ती इतकी हसली की चहा सांडला. आणखी एक गंमत तिने सांगितली. पहिला रस नुसता चढून भागत नाही, तो उतरावा लागतो. उतरला की अळी अंग आवळते, शेपटाकडून डोक्याकडे लाटा काढते आणि जुन्या कातडीतून पुढे सरकते. रस उतरल्यापासून किती वेळात हे सुरू होतं ते तिला मिनिटामिनिटाने नोंदवायचं होतं. त्यासाठी तिने एक कॅमेरा मागवला होता. तो आला माझ्याच वहीतून.

कॅमेरा बसला आणि पंधरा दिवसांत खोलीला दृष्ट लागली. ज्या अळ्यांनी आता भटकायला लागायला हवं होतं, त्या मान वर करून बसल्या. बुवा वाकून बघत राहिले. चाळीसातल्या एकतीस अळ्यांनी पाचव्यांदा कात टाकली आणि पुन्हा अळ्याच झाल्या. जाड्या, हिरव्या, बेढब. खात राहिल्या आणि आठवड्याभरात काळ्या पडून मेल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. थिसिसवालीची मुदत संपायला पाच महिने उरले होते. ती जिन्यात बसून रडली, आणि बुवा तिच्या बाजूला दोन पायऱ्या सोडून नुसते बसून राहिले. कोष नाहीत म्हणजे पतंग नाहीत, पतंग नाहीत म्हणजे अंडी नाहीत. बावीस वर्षांचा वंश दोन महिन्यांत संपला असता.

मग जे व्हायचं तेच झालं. जो तो दुसऱ्याच्या हाताचा वास घ्यायला लागला. कोणी म्हणे झाडूवालीने फरशीचं औषध बदललं. कोणी म्हणे समोरच्या प्रयोगशाळेचं पोट दुखतंय. आमच्या प्रमुख मॅडम कडक. त्यांनी सांगून टाकलं की कोणीतरी काहीतरी आत आणलंय. महिनाअखेरपर्यंत कारण सापडलं नाही तर उरलेल्या सगळ्या अळ्या गोठवून मारायच्या, खोली धुऊन काढायची, दुसरीकडून अंडी आणायची आणि राखणदारही नवा ठेवायचा. बुवांना हे सगळ्यांसमोर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "अळ्यांनी काय केलंय, मॅडम?"

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. तुम्हीच बघा. बावीस वर्षं ज्याच्या डोळ्यांवर सगळे विसंबून, त्याच्या जागी कॅमेरा आला. आणि कॅमेरा आल्याबरोबर अळ्या बिघडल्या! ज्याच्या पोटावर पाय येतो तो काहीच करत नाही? मी सुतावरून स्वर्ग गाठायला कधी वेळ लावला नाही, त्या दिवशीही लावला नाही.

त्यात एके दिवशी बुवा माझ्या खिडकीशी आले. ट्रेमध्ये अंथरायचा टिपकागद न्यायला यायचे तसेच. नेहमीसारखं आत येऊन स्वतःच फळीवरून कागद काढून घेतला, वहीत सही केली आणि जाता जाता सहज विचारावं तसं म्हणाले, "ताई, तुमच्याकडची झुरळं कमी झाली वाटतं?"

मी चपापले. का चपापले तेही सांगून टाकते. संस्थेच्या दारातच पाटी होती, कसलंही कीटकनाशक आत आणायला सक्त मनाई. पण माझ्या स्टोअरमध्ये झुरळांनी उच्छाद मांडला होता, खोक्यांचा डिंक खाऊन खोकी उसवत होती. माझ्या धाकट्या दिराचा झुरळं-ढेकूण घालवण्याचा धंदा. कॅमेरा आला त्याच सुमारास त्याने एक बाटली दिली. म्हणाला, वहिनी, हे मारत नाही, वास नाही, विष नाही, नुसतं पिल्लांना मोठं होऊ देत नाही, मग वाढतीलच कशी? मी विचार केला, जे मारत नाही ते कीटकनाशक कसलं? पाटी काही त्याला लागू नाही. तिसऱ्या फळीच्या मागे डिंकाची खोकी असायची, तिथे सगळ्यात जास्त फवारलं. त्याच फळीवर पुढे टिपकागदाचे गठ्ठे, हाताशी म्हणून तिथलेच आधी जायचे. कागद खराब होऊ नये म्हणून मी तो फडक्याने झाकलासुद्धा होता, आणि बाटली त्या फडक्यामागेच ठेवून दिली होती. वर रसाबिसाचं बोलणं चाललं होतं, पण अळ्या वर आणि झुरळं खाली, मी त्यांचा संबंध जोडला नाही. खरंच नाही जोडला. मला भीती वाटली ती पाटीची.

म्हणून मी बुवांना सांगितलं, "स्वच्छता ठेवली की होतात कमी." ते मान हलवून निघून गेले. हा माणूस खडा टाकून बघतोय. स्वतःवरचं बालंट माझ्यावर ढकलायचा याचा विचार दिसतोय. मी ठरवलं, आता याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं.

आणि लक्ष ठेवलं की दिसतंच. कागदाचे गठ्ठे मी पाचही फळ्यांवर ठेवायची, दोनदोनशेचे. मोजले, तर प्रत्येक फळीवरच्या एका गठ्ठ्यात सहा ताव कमी. वहीत नोंद नाही. दोन दिवसांनी सकाळी दार उघडताना पाहिलं, तर बुवा पिशवीत बिस्किटाचे पत्र्याचे डबे भरत होते. झाकणांना खिळ्याने भोकं पाडलेली. एका भोकाजवळ काहीतरी हिरवं हललं. संस्थेतली अळी बाहेर न्यायची नाही हा दुसरा सक्त नियम. मला बघून त्यांनी पिशवीवर टॉवेल टाकला आणि गालात हसले. कानकोंडं हसू होतं ते. मला तेव्हा ते चोरटं वाटलं.

मी जागेवर बसले आणि अर्ज लिहिला. कागद न सांगता नेले, कीटक गुपचूप बाहेर नेले, तारीख, वार, वेळ, सगळं. माझं अक्षर छान आहे. शेवटी एक ओळ घातली: हेतू चांगला दिसत नाही. ही ओळ लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं. वाचून बघितली, भारदस्त वाटली, म्हणून ठेवली. आवक क्रमांक घालून अर्ज मॅडमच्या टेबलावर गेला.

चौकशी ठरली ती महिनाअखेरच्या आदल्याच दिवशी. मॅडमची खोली. मॅडम, थिसिसवाली, मी आणि दाराशी उभे बुवा. मॅडमनी माझा अर्ज मोठ्याने वाचला, शेवटच्या ओळीसकट. बुवांचा चेहरा उतरला, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मॅडमनी विचारलं की अळ्या नेल्या का. ते म्हणाले, नेल्या. कागद? तोही नेला. कशासाठी? त्यांनी जिन्यातून दोन पिशव्या आणल्या आणि सहा डबे टेबलावर ओळीने मांडले. झाकणांवर खडूने आकडे होते, एक ते पाच, आणि एकावर नुसती फुली.

ते बोलले ते थोडक्यात सांगते. चौथी कात टाकलेल्या ताज्या अळ्या त्यांनी घरी नेल्या, प्रत्येक डब्यात सहा. खाद्याच्या वड्या त्याच, ऊब तीच, स्वयंपाकघरातल्या कपाटातली. खोलीत काही मुरलं असेल तर ते घरी नसणार, कारण घरात धुराचा कणसुद्धा नाही. फरक फक्त कागदाचा. एक नंबरच्या डब्यात पहिल्या फळीचा कागद, दोनमध्ये दुसरीचा, असं पाचपर्यंत. फुलीच्या डब्यात कागदच नाही, नुसतं लाकूड. तावांचे तुकडे कापून कागद रोज बदलला. वहिनींनी तीन आठवडे त्या कपाटाला हात लावला नव्हता आणि भांडी खाटेखाली ठेवली होती.

मग त्यांनी झाकणं उघडली. एक, दोन, चार, पाच, फुली. सगळीकडे लाकडाच्या भोकांत तांबूस तपकिरी कोष, गुळगुळीत. तिसऱ्या डब्यात पाच जाड्या हिरव्या अळ्या, मान वर करून बसलेल्या. सहावी मेली होती. थिसिसवालीने तोंडावर हात नेला. ती म्हणाली की हे तर दुसऱ्या रसासारखंच काहीतरी आहे, बाहेरून कागदात आलंय, अळीला वाटतं की अजून लहानच राहायचंय. तिला आनंद झाला होता, तिला कारण सापडलं होतं. माझ्या कानात मात्र दिराचे शब्द वाजायला लागले. पिल्लांना मोठं होऊ देत नाही.

मॅडमनी बुवांना विचारलं, "तिसऱ्या फळीवर काय आहे?"

"ते मला सांगता येणार नाही, मॅडम. कागदात काहीतरी आहे एवढं या पाचजणींनी सांगितलं."

मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त एक खरं वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "कंपनीने कागद बदलला असेल." आवाजही कापला नाही. मॅडमनी तिसऱ्या फळीचा सगळा कागद जाळायला सांगितला. अळ्या मारायच्या नाहीत असं ठरलं. मात्र नियम मोडून कीटक बाहेर नेल्याबद्दल बुवांना लेखी ताकीद मिळाली, माझ्या अर्जाच्या आधारावर. बुवांना ताकिदीचं काहीच वाटलेलं दिसलं नाही. ते कोषांचे डबे छातीशी धरून जिना चढले, आणि चढता चढता बाहीने नाक पुसत होते.

संध्याकाळी स्टोअर बंद करताना ते खिडकीशी आले. म्हणाले की फडक्यामागे बाटली आहे ती काढून टाका, रिकामी झाली तरी तिचा अंश उडत राहतो. मी विचारलं, तुम्हाला केव्हा कळलं? म्हणाले, पहिल्याच आठवड्यात, कागद काढताना दिसली होती. मला रागच आला. आपली चूक झाली की मला आधी राग येतो.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं माझं नाव?"

त्यांनी खिडकीचा गज धरला. "बाटली दिसली होती, ताई. तिच्यामुळेच झालं हे कुठे दिसलं होतं? खात्री नसताना माणसाचं नाव कसं घ्यायचं?"

ते गेले. मी कुलूप लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मला माझी लाज वाटली, अशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. तो माणूस खात्री करायला तीन आठवडे घरात भांडी खाटेखाली ठेवून जगला, आणि मी अर्ध्या तासात सुंदर अक्षरात त्याचं नाव लिहून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमना सगळं सांगितलं. बाटली टेबलावर ठेवली. मलाही ताकीद मिळाली, ती मिळायलाच हवी होती. मग मी कार्यालयातल्या लेखनिकाकडे गेले आणि म्हटलं, माझा अर्ज मागे घेते, तो फाडून टाक. त्याने रजिस्टर उघडून दाखवलं. आवक क्रमांक पडलाय, आता तो त्यांच्या फायलीत गेला, फायलीतून कागद निघत नाही. मी हुज्जत घातली, आवाज चढवला. त्याने शांतपणे सांगितलं, "मांजरबाई, हा नियम तुम्हीच आम्हाला शिकवलाय." मग मी दुसरा अर्ज लिहिला, चूक माझी होती म्हणून. तो माझ्या फायलीत लागला, कारण चूक माझी होती.

थिसिसवालीचं काम वेळेत पूर्ण झालं. कॅमेऱ्याच्या नोंदी आणि बुवांच्या वेळा तिने शेजारी शेजारी मांडल्या. फरक चार मिनिटांचा. अळ्यांचा वंश सुखरूप चालला. बुवा पुढे चार वर्षं स्टुलावर बसून राहिले. माझ्या खिडकीशी यायचे, कागद न्यायचे, सही करायचे, त्यांनी कधी काही दाखवलं नाही. मला मात्र त्यांच्या सहीकडे बघवायचं नाही.

ते निवृत्त व्हायच्या वेळी मॅडम बदलून गेल्या होत्या. थिसिसवालीने, आता ती तिथेच शास्त्रज्ञ झाली होती, बुवांना दोन वर्षं वाढवून द्यावीत असं लिहून पाठवलं. नवा राखणदार तयार व्हायला तेवढा वेळ लागणार होता, आणि बुवांनाही हवं होतं. त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं, हे मागितलं. नकार आला. लेखनिकाने मला तो कागद दाखवला. कोणा दूरच्या साहेबाने फाइल चाळून कारण लिहिलं होतं: पूर्वी ताकीद, हेतू चांगला न दिसल्याची नोंद. माझीच ओळ होती. मी नव्या प्रमुखांकडे गेले, दुसरा अर्ज दाखवला, हात जोडले. ते म्हणाले, निवृत्तांची यादी वर गेली आहे, बाई, आता काही होत नाही.

शेवटच्या दिवशी बुवा सामान परत करायला खिडकीशी आले. दोन एप्रन, कुंचले, भिंग, खोलीची किल्ली, स्टूल. स्टूलसुद्धा माझ्या वहीत होतं. नकाराचं कारण त्यांना कळलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मी तोंड उघडलं, पण त्यांनी हळूच कुंचल्यांची जुडी पुढे सरकवली.

"मोजून घ्या, ताई," ते म्हणाले.

मी न मोजताच सही केली.